चेरेन्कोव डिटेक्टरसाठी एअरोजेलची टाइल: साच्यापासून चौकटीपर्यंत

एअरोजेलची (सिलिकाच्या ओल्या जेलमधला द्रव काढून उरणाऱ्या हलक्या, सच्छिद्र घन पदार्थाची) टाइल फुटते ती बहुधा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे जास्त दाबाखाली वाळवण्याच्या भांड्यातून, बाहेर काढताना. निदान दिसते तरी तेव्हा. त्यामुळे नवखा माणूस वाळवण्याच्या टप्प्याला दोष देतो, दाब आणखी हळू उतरवतो आणि पुढची टाइलही फुटलेलीच बाहेर काढतो. खरं तर त्या टाइलचं नशीब दोन-तीन आठवडे आधीच ठरलेलं असतं: साच्याला चिकटलेल्या एका कोपऱ्यात, पोटात राहून गेलेल्या पाण्यात, किंवा ओलं जेल उचलताना बसलेल्या हिसक्यात. म्हणून या लेखात ओल्या टप्प्यांवर जास्त वेळ घालवणार आहे. यंत्रांचा भाग त्या मानाने सोपा आहे.

आधी आकडे ठरवा

डिटेक्टरला टाइल कशासाठी हवी आहे हे कळल्याशिवाय काचपात्राला हात लावू नये. विद्युतभारित कण एखाद्या माध्यमातून त्या माध्यमातल्या प्रकाशापेक्षा वेगाने गेला, की चेरेन्कोव प्रकाश निघतो. त्याचा कोन वेगावर ठरतो: कोनाचा कोसाइन म्हणजे १ भागिले अपवर्तनांक आणि कणाचा वेग (प्रकाशवेगाच्या पटीत) यांचा गुणाकार. संवेग चुंबकीय क्षेत्रातल्या वळणावरून कळतो, वेग या कोनावरून कळतो आणि दोन्हींवरून कणाचं वस्तुमान, म्हणजे त्याची ओळख पटते.

वायूंचा अपवर्तनांक १ च्या इतका जवळ असतो की काही गीगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणभौतिकीतलं ऊर्जा-संवेगाचं माप) संवेगाचे कण त्यांत प्रकाशच देत नाहीत. द्रव आणि काच यांचा अपवर्तनांक फार मोठा असतो. मधली जागा रिकामी होती, ती सिलिका एअरोजेलने भरली. सॅम्युअल किस्लर यांनी एअरोजेल १९३१ साली जगापुढे आणलं. चेरेन्कोव माध्यम म्हणून त्याचा वापर १९७४ पासून सुरू झाला. जर्मनीतला टासो, हर्मिस, सर्नचा एलएचसीबी, जपानमधले बेल आणि बेल-२, अंतराळ स्थानकावर २०११ साली बसवलेला एएमएस-०२ या सगळ्या कणभौतिकी प्रयोगांनी ते वापरलं.

उदाहरण म्हणून १.०५ अपवर्तनांक धरू. पायॉन हा हलका कण ०.४४ गीगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास प्रकाश द्यायला लागतो, त्याहून जड केऑन १.५४ ला. संवेग ४ असताना पायॉनचा कोन सुमारे ३०८ मिलीरेडियन (रेडियनचा हजारावा भाग) आणि केऑनचा २८५, म्हणजे फरक २३ मिलीरेडियनचा. आता अपवर्तनांकात ०.००१ ची चूक झाली, तर कोन जवळजवळ ३ मिलीरेडियनने सरकतो. कागदावर नगण्य दिसणारी ही चूक त्या २३ चा आठवा हिस्सा खाऊन टाकते. म्हणून टाइलच्या ऑर्डरमध्ये अपवर्तनांक तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत लिहिलेला असतो.

जाडीचंही असंच आहे. जाड टाइलमधून जास्त फोटॉन निघतात, पण फोटॉन नेमका कुठून निघाला हे कळत नसल्यामुळे संवेदकावर पडणारं प्रकाशाचं वलय पसरतं. टाइल आणि फोटॉन-संवेदक यांच्यात २० सेंटिमीटर अंतर असेल, तर २ सेंटिमीटर जाडीमुळे ढोबळमानाने ८ मिलीरेडियनची अनिश्चितता येते आणि ४ सेंटिमीटरमुळे १६ ची. बेल-२ च्या एरिच डिटेक्टरने (एअरोजेलमधून आलेल्या वलयांवरून कण ओळखणारा भाग) यावर सुंदर तोड काढली. २-२ सेंटिमीटरचे दोन थर ठेवले, कण आधी १.०४५ च्या थरातून जातो आणि मग १.०५५ च्या. मागच्या थराचा कोन किंचित मोठा असल्याने दोन्ही थरांची वलयं संवेदकावर एकमेकांवर पडतात. जाडीचा फायदा मिळतो, पसरट वलयाचा तोटा टळतो. मात्र याचा अर्थ असा की आता दोन वेगवेगळे अपवर्तनांक अचूक साधावे लागतात.

रसायनाचा हिशोब

अपवर्तनांक घनतेवर ठरतो: अपवर्तनांकातून १ वजा केलं की जे उरतं ते घनतेच्या ०.२१ ते ०.२५ पट असतं (घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर). नेमका गुणक तुमच्या पद्धतीवर अवलंबून असतो, तो स्वतःच्या पहिल्या घाण्यांवरून काढावा लागतो. सुरुवातीला ०.२५ धरा. म्हणजे १.०५ साठी घनता ०.२० लागेल.

तयार टाइल १८ × १८ × २ सेंटिमीटरची हवी असेल, तर आकारमान ६४८ घन सेंटिमीटर आणि वजन सुमारे १३० ग्रॅम. पण जेल आकसतं. लांबीत ३ टक्के आकसणं गृहीत धरलं, तर साचा १८.५६ सेंटिमीटरचा आणि ओल्या जेलची उंची २.०६ हवी. आकारमान जवळपास ७१० मिलीलिटर. म्हणजे या ७१० मिलीलिटरमध्ये १३० ग्रॅम सिलिका बसवायची.

सिलिकाचा स्रोत म्हणून टेट्रामेथॉक्सिसिलेन घेता येतं. त्याच्या वजनाचा ३९.५ टक्के भाग सिलिका होतो, म्हणून ३३० ग्रॅमच्या आसपास लागेल. माझी पसंती मिथाइल सिलिकेट ५१ ला. त्यातले रेणू आधीच सरासरी चार-चार सिलिकॉनच्या साखळीत जोडलेले असतात आणि सिलिकाचं प्रमाण ५१ टक्के असतं, नावातला आकडा तोच. १३० ग्रॅम सिलिकासाठी २५५ ग्रॅम पुरतं. त्यातले सगळे मेथॉक्सी गट तोडायला ९७ ग्रॅम पाणी लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच घालावं. उत्प्रेरक म्हणून २८ टक्क्यांचं अमोनिया द्रावण, काही मिलीलिटर. त्यातलं पाणीही हिशोबात धरा. उरलेलं आकारमान मेथॅनॉलने भरून काढायचं.

दोन सूचना. पहिली: द्रव मापाने नव्हे, वजनाने घ्या. तापमान दोन अंशांनी बदललं तरी मोजपात्रातलं माप चुकतं, तराजूचं चुकत नाही. दुसरी: जपानमधल्या संशोधकांना या अपवर्तनांकाच्या पट्ट्यात मेथॅनॉलऐवजी किंवा त्याच्या जोडीला डायमिथाइल फॉर्मामाइड वापरून जास्त पारदर्शक टाइल मिळाल्या. तो द्राव प्रजननसंस्थेला घातक आहे आणि पॉलिस्टायरीन विरघळवतो, म्हणून तसला साचा असेल तर आधी तो बदला.

जीवाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. सिलिकेटची वाफ डोळ्यात गेली, की बुबुळाच्या ओलाव्यावर तिथेच सिलिका तयार होते. त्रास लगेच जाणवत नाही, काही तासांनी जाणवतो, आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. फ्यूम हूडबाहेर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) बाटली उघडायची नाही, सगळीकडून बंद चष्मा लावायचा, कॉन्टॅक्ट लेन्स घालून या कामाला बसायचं नाही.

साचा आणि ओतणं

काचेचा साचा नको. सिलिका जेल काचेला रासायनिक बंधांनी चिकटतं, आणि आकसायला लागलं की चिकटलेल्या जागेपासून तडा सुरू होतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा टेफ्लॉन बरं. तळ सपाट हवा, आतले कोपरे किंचित गोलसर हवेत. काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो. साच्याखाली पाणपातळी लावून मेज समतल करून घ्या. १८ सेंटिमीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा कल राहिला, तर एका बाजूला टाइल तेवढी पातळ होणार.

दोन पात्रं घ्या. एकात सिलिकेट आणि अर्धा अल्कोहोल (मेथॅनॉल), दुसऱ्यात पाणी, अमोनिया आणि उरलेला अल्कोहोल. दोन्ही एकाच तापमानाला आणा. दुसरं पहिल्यात ओता, अर्धा मिनिट जोरात पण हवा न कोंडता ढवळा, आणि साच्याच्या भिंतीवरून हळूच सोडा. जेल धरायचा वेळ अमोनियाच्या प्रमाणावर आणि तापमानावर ठरतो. तो पाचेक मिनिटांवर येईल असं प्रमाण बसवा. त्याहून कमी वेळ ठेवला तर ओतता-ओतताच जेल धरायला लागतं आणि प्रवाहाच्या रेषा कायमच्या गोठतात. फार लांबवला तर अल्कोहोल उडत राहतो. बुडबुडे दिसले तर पहिल्या मिनिटातच काढा. जेल धरलं की त्याला स्पर्श नाही.

साच्याच्या कडेला द्रव वर चढतो आणि तसाच गोठतो, त्यामुळे टाइलच्या कडा मधल्या भागापेक्षा जाड होतात. याचा उपाय साच्यात नाही. टाइल मोठी ओतायची आणि शेवटी कडा कापून टाकायच्या.

मुरवणं

धरलेलं जेल पाहून काम झालं असं वाटतं. पण त्या क्षणी त्याची जाळी फार नाजूक असते: काही नॅनोमीटरचे सिलिका कण एकमेकांना नुसते टेकलेले. पृष्ठभागावर अल्कोहोलचा पातळ थर सोडा, झाकण हवाबंद करा, आणि आठवडाभर हात लावू नका. या काळात सिलिका कणांच्या फुगीर भागावरून विरघळते आणि दोन कणांमधल्या खाचेत जाऊन बसते, म्हणजे सांधे जाड होतात. हा आठवडा चार दिवसांवर आणला, तर ते जेल पुढे जास्त आकसेल.

आणि आकसणं हाच या धंद्यातला खरा शत्रू आहे, तडा नव्हे. तडा गेलेली टाइल बाजूला ठेवता येते. जास्त आकसलेली टाइल मात्र दिसायला उत्तम असते. लांबीत १ टक्का जास्त आकसलं, तर घनता ३ टक्क्यांनी वाढते, १.०५ चं १.०५१५ होतं, आणि चेरेन्कोव कोन साडेचार मिलीरेडियनने हलतो. सगळ्या घाण्यांना मुरवण्याचं तापमान आणि दिवस काटेकोर सारखे ठेवायचे ते यासाठी. सुट्टीमुळे एखादा घाणा दहा दिवस मुरला, तर तो वेगळा घाणा समजा आणि वेगळा मोजा.

साच्यातून बाहेर, अल्कोहोलच्या आतच

ओलं जेल हवेत उचलू नका. साचा एथॅनॉलच्या मोठ्या टाकीत पूर्ण बुडवा, कडेने पातळ प्लास्टिकची पट्टी फिरवा, आणि जेल भोकांच्या स्टील ताटलीवर सरकवा. द्रवात त्याचं वजन जवळपास नाहीसं होतं, हवेत मात्र ते स्वतःच्याच भाराने वाकतं. इथून ऑटोक्लेव्हपर्यंत ताटली बदलायची नाही.

आता जेलच्या पोटातलं पाणी, मेथॅनॉल आणि अमोनिया बाहेर काढून एथॅनॉल आत न्यायचं. ही अदलाबदल फक्त विसरणाने (रेणू आपोआप पसरत जाण्याने) होते, घाई करता येत नाही. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २ सेंटिमीटरचं जेल दोन्ही बाजूंनी उघडं असेल, तर आतून बाहेर यायला रेणूंना साधारण एक दिवस लागतो, ४ सेंटिमीटरला चार-पाच दिवस. भोकांची ताटली यासाठीच: जेल सपाट तळावर ठेवलं तर एकच बाजू उघडी राहते आणि वेळ चौपट होतो.

एथॅनॉल जेलमधल्या द्रवाच्या पाचपट घ्या. समतोल झाल्यावर नको असलेला द्रव सहावा हिस्सा उरतो. तीन वेळा एथॅनॉल बदललं की २१६ वा हिस्सा, म्हणजे अर्धा टक्का. दर खेपेला पुरेसा वेळ दिला नाही तर हा हिशोब लटका पडतो. बाहेरचा द्रव ताजा दिसतो आणि पाणी मधोमध बसून राहतं.

पाणी न धरणारी टाइल की भाजून घ्यायची टाइल?

सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते हवेतली वाफ ओढून घेतात. वर्षभरात टाइल धुरकट होते. यावर दोन परंपरा आहेत. रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या संशोधकांची टाइल पाणी शोषणारीच असते, पण ५०० अंशांवर भाजून तिची पारदर्शकता परत मिळवता येते. एलएचसीबी आणि एएमएस-०२ ने ती वापरली. जपानी परंपरेत ओल्या अवस्थेतच पृष्ठभागावर मिथाइलचे गट बसवतात. टाइल कोरड्या वायूत कायम बंद राहणार असेल तर पहिली वाट चांगली. ती कापायची, जुळवायची, बऱ्याच हातांतून जायची असेल तर दुसरी. हा लेख दुसऱ्या वाटेने जातो.

हेक्सामिथाइल डायसिलाझेन १ भाग आणि एथॅनॉल ९ भाग असं द्रावण करा, त्यात जेल तीन दिवस ठेवा. प्रत्येक रेणू दोन हायड्रॉक्सिल गट झाकतो आणि अमोनियाचा एक रेणू सोडतो. म्हणून झाकण घट्ट आवळायचं नाही आणि टाकी हूडमध्येच हवी. या रसायनाला पाण्याशीही अभिक्रिया करायला आवडते. आधीची एथॅनॉलची आंघोळ नीट झाली नसेल, तर ते पाण्यावरच खर्ची पडतं आणि टाइलच्या मध्यभागी न झाकलेला पट्टा राहतो. त्यानंतर पुन्हा ताज्या एथॅनॉलमध्ये दोन-तीन खेपा.

मिथाइल गटांचं वजनही घनतेत धरलं जातं, हे विसरू नका. सुरुवातीच्या हिशोबातला आकडा थोडा चुकतो, त्याचं एक कारण हे.

वाळवणं

हवेत वाळवलं तर काय होतं? १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात एथॅनॉलचा पृष्ठताण सुमारे ४४ वातावरणांचा दाब निर्माण करतो. जाळी चुरगळते. द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच नाहीशी केली, तर पृष्ठताणही उरत नाही, म्हणून क्रांतिक बिंदूच्या वरून वळसा घालायचा.

मेथॅनॉल तसाच तापवून हे करता येतं, पण त्याला २४० अंश आणि ८ मेगापास्कल लागतात. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या एअरोजेलच्या कारखान्यात गरम मेथॅनॉलची गळती होऊन स्फोट झाला आणि कारखाना उद्ध्वस्त झाला. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि ७.४ मेगापास्कल, आणि तो पेटत नाही. निवड सोपी आहे.

क्रम असा ठेवा. ताटल्या भांड्यात रचा, जेल पूर्ण बुडेल इतकं एथॅनॉल भरा आणि झाकण बंद करा. जेलचा माथा दहा मिनिटं उघडा राहिला तरी पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडतात, म्हणून ही कामं आधी रिकाम्या भांड्यात सराव करून हाताखाली घालून घ्या. मग कार्बन डायऑक्साइड पंप करून आधी दाब वाढवा, नंतर तापमान. शेवटी ८० अंश आणि १५.७ मेगापास्कल. शुद्ध वायूला ७.४ पुरत असताना दुप्पट कशाला, असं विचारलं जातं. कारण भांड्यात शुद्ध वायू नसतो. एथॅनॉल मिसळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक दाब तापमानाबरोबर बराच वर जातो. कमी दाबावर तापवलं, तर टाइलच्या पोटात दोन अवस्था वेगळ्या होतात आणि ज्यातून सुटायचं होतं तो पृष्ठताण परत येतो.

या स्थितीत वायू वाहता ठेवून एथॅनॉल धुऊन काढा. विभाजकात (बाहेर पडणाऱ्या वायूतून एथॅनॉल वेगळं करणाऱ्या भांड्यात) एथॅनॉल जमायचं थांबलं तरी लगेच थांबू नका, टाइलच्या मध्यभागाला इथेही विसरणच करायचं आहे. मग दाब उतरवा, तासाला १ मेगापास्कलपेक्षा हळू. भांड्याचं तापमान शेवटपर्यंत ४० च्या खाली येऊ देऊ नका, कारण वायू पसरताना थंड होतो आणि आत द्रवाचा थेंब बनला की सगळं व्यर्थ. वातावरणाचा दाब आल्यावरच तापमान खाली. एकूण दोन दिवसांच्या आसपास लागतात.

खोलीत ऑक्सिजनमापक आणि कार्बन डायऑक्साइडमापक दोन्ही लावा, दुसरा जमिनीजवळ. फक्त ऑक्सिजनचा मापक पुरत नाही: हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी माणसाच्या जिवाला धोका असतो, आणि तेव्हा ऑक्सिजन एका टक्क्यानेही घटलेला नसतो.

हाताळणी आणि कापणी

वाळलेली टाइल दाबाला बऱ्यापैकी टिकते, वाकवण्याला आणि टोकदार धक्क्याला मुळीच नाही. दोन्ही बाजूंनी चिमटीत न धरता खालून कडक कागद सरकवून उचला. धूळ बसली तर कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर मारा.

अल्कोहोलने पुसायचं नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून मेजावर चिकटवा. पाण्याचा थेंब या टाइलवरून मोत्यासारखा घरंगळतो, पण अल्कोहोल छिद्रांत शिरतो आणि सुकताना तेवढी जागा चुरगळून पांढरी करतो. बोटांचं तेलही असाच डाग पाडतं, म्हणून नवे, कोरडे हातमोजे.

कडा कापायला वॉटरजेट वापरतात. पाण्याने एअरोजेल कापायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी आत शिरतच नाही. बेल-२ साठी १८ सेंटिमीटरच्या चौरस टाइल पाचरीच्या आकारात कापून वर्तुळात बसवल्या, एकूण २४८, म्हणजे प्रत्येक थरात १२४. टाइल मोठ्या ठेवण्यामागचं कारण असं की दोन टाइलच्या सीमेवर पडलेले फोटॉन बरेचसे वाया जातात. जितक्या सीमा कमी, तितकं बरं.

मोजमाप

अपवर्तनांक मोजायला टाइलचा काटकोनी कोपराच लोलक (प्रिझम) म्हणून वापरतात. ४०५ नॅनोमीटरचा लेझर कोपऱ्यातून पाठवा, टाइल हळूहळू फिरवा, पडद्यावरचा ठिपका एका जागी येऊन मागे वळतो. ते किमान विचलन. १.०५ साठी ते ५.९ अंश येतं, १ मीटरवरच्या पडद्यावर सुमारे १० सेंटिमीटर. तिथे अपवर्तनांकातला ०.००१ चा फरक २ मिलिमीटर सरकतो, साध्या पट्टीनेही दिसेल इतका. पडदा लांब नेला तर आणखी स्पष्ट. चारही कोपरे मोजा. कोपऱ्याचा कोन खरोखर ९० आहे का तेही पाहा, आकसताना तो किंचित बदलतो.

कोपरे मध्यभागाबद्दल काही सांगत नाहीत. त्यासाठी लेझर टाइलला लंब पाठवून तो किती वळतो ते पाहतात. आत अपवर्तनांक ५ सेंटिमीटरवर ०.००१ ने बदलत असेल, तर २ सेंटिमीटरच्या टाइलमधून किरण ०.४ मिलीरेडियन वळतो. फसगत इथे होते: टाइलचा पृष्ठभाग ८ मिलीरेडियन तिरका असला तरी किरण नेमका तेवढाच वळतो. ओतताना कडेला वर चढलेला द्रव आठवतो ना? कडा न कापता हे मोजमाप केलं, तर त्या कडांच्या उताराला तुम्ही घनतेतला बदल समजाल. क्ष-किरणांच्या शोषणावरून घनतेचा नकाशा काढता आला, आणि जाडी वेगळी मोजली, तर हा घोळ सुटतो.

पारदर्शकता स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात. एअरोजेल प्रकाश फारसा शोषत नाही, तो विखुरतो, आणि हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणूनच टाइल काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसते आणि दिव्यासमोर पिवळसर. विखुरलेला फोटॉन संवेदकापर्यंत पोचतो खरा, पण भलत्याच दिशेने, म्हणून तो उपयोगाचा नाही. मोजताना संवेदक टाइलपासून निदान १० सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर पुढच्या दिशेने विखुरलेला प्रकाशही मोजला जातो आणि टाइल आहे त्यापेक्षा चांगली दिसते. ४०० नॅनोमीटरवर पारगमन लांबी (ज्या अंतरात सरळ जाणारा प्रकाश ३७ टक्क्यांवर येतो) ४ सेंटिमीटर असेल, तर २ सेंटिमीटरमधून ६१ टक्के प्रकाश सरळ पार होतो. १.०५ च्या आसपास हा आकडा चांगला समजा.

याला एवढं महत्त्व का? २ सेंटिमीटरमधून फोटॉनच्या ऊर्जेच्या दर १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात जेमतेम ६९ फोटॉन निघतात. विकिरण, टाइलच्या सीमा, संवेदकाची कार्यक्षमता यांतून गाळून हातात मोजकेच उरतात. तेवढ्यांवरून वलय ओळखायचं असतं.

चौकटीत बसवणं

टाइलभोवती थोडी फट ठेवा, आजूबाजूला काळा कागद लावा, आणि दाबून न धरता हलक्या स्प्रिंगसारख्या कडांनी धरा. एकामागे एक दोन थर असतील तर कोणता पुढे हे टाइलच्या पेटीवर बाणाने लिहा. डोळ्यांना १.०४५ आणि १.०५५ यांत फरक दिसत नाही, आणि क्रम उलटला तर वलयं एकमेकांपासून दूर जातात, जवळ येत नाहीत.

आजूबाजूचा वायू कोणता हेही विचारा. एअरोजेलच्या आकारमानाचा नव्वद टक्के भाग पोकळ असतो, आणि त्या पोकळीत जो वायू शिरेल त्याचा अपवर्तनांक टाइलमध्ये मिसळतो. एलएचसीबीमध्ये एअरोजेल फ्लोरोकार्बन वायूच्या शेजारी होतं आणि हा त्रास तिथे प्रत्यक्ष भोगावा लागला. पुढे २०१५ ला सुरू झालेल्या मोजमापांच्या फेरीपूर्वी त्यांनी एअरोजेल काढूनच टाकलं. अतिनील बाजूचा विखुरलेला प्रकाश अडवायला समोर पातळ काच किंवा प्लास्टिकचा पडदा लावण्याची पद्धत आहे, ती या वायूपासून वेगळं ठेवण्याच्या कामातही अर्धीमुर्धी उपयोगी पडते.

प्रत्येक टाइलची नोंद तिच्या घाण्याच्या क्रमांकासह ठेवा: वजनं, मुरवण्याचे दिवस, एथॅनॉलच्या खेपा, वाळण्याआधीची आणि नंतरची लांबी, चार कोपऱ्यांचे अपवर्तनांक, पारगमन लांबी. मग जुळणाऱ्या टाइलच्या जोड्या लावा, सरासरीच्या वरची मागच्या थरातली टाइल सरासरीच्या वरच्या पुढच्या टाइलसोबत, म्हणजे दोन्हींमधलं अंतर टिकतं. आणि प्रत्येक घाण्यातली एक टाइल डिटेक्टरमध्ये न बसवता कोरड्या कपाटात ठेवा. डिटेक्टर बंद झाल्यावर आतल्या टाइल वर्षानुवर्षं हाती लागत नाहीत. त्या धुरकट होताहेत का हे विचारायला तुमच्याकडे ही बाहेरची भावंडंच असतील. दर वर्षी त्यांच्यावर तोच ४०५ चा लेझर लावा, त्याच पडद्यावर, त्याच अंतरावर.